बाकीचे चौदा जण

मागच्या वर्षी एका प्रकाशनसंस्थेकडून एक इंग्रजी कादंबरी माझ्याकडे आली. मराठी अनुवादाचे हक्क घ्यावेत का, एवढंच सांगायचं होतं. अशी कामं मी अधूनमधून करते. पुस्तक वाचायचं, पानभर अहवाल लिहायचा, खाली 'घ्यावी' किंवा 'घेऊ नये' असा शेरा मारायचा आणि विसरून जायचं. या खेपेला माझाच शेरा ठरेना. दोन रात्रींत पुस्तक संपलं होतं, म्हणजे वाचनीयतेबद्दल शंका नव्हती. पण मिटल्यावर काहीतरी टोचत होतं आणि काय टोचतंय ते बोटावर घेऊन दाखवता येत नव्हतं. म्हणून संस्थेला विचारून मी प्रत सहा जणांमध्ये फिरवली आणि नंतर त्यांना दोनदा एकत्र बसवलं. त्या दोन बैठकांचं हे प्रकरण. पुस्तकाचं नाव आणि वाचकांची नावं गाळली आहेत. वाचकांनी माझ्यासमोर बोलताना ती छापली जातील असं धरलेलं नव्हतं.

कथा थोडक्यात अशी. साल २०११. चौतीस वर्षांची एक समुद्रशास्त्रज्ञ आपली उपकरणं घेऊन एका लहान मालवाहू जहाजावरून निघाली आहे. जहाजावर चौदा खलाशी, ती पंधरावी. एडनच्या आखाताच्या तोंडाशी पहाटे दोन स्किफ, म्हणजे वेगाने पळणाऱ्या लहान होड्या, येतात, कठड्याला शिडी लागते, एके-४७ घेतलेली पोरं वर चढतात आणि जहाजाचं तोंड सोमालियाच्या किनाऱ्याकडे वळतं. चाच्यांचा म्होरक्या देखणा, मितभाषी, खिशात कवितांचं पुस्तक बाळगणारा. तो तिला बाकीच्यांपासून वाचवतो, कप्तानाच्या केबिनमध्ये ठेवतो, आधी भांडतो, मग बोलतो. पुढचं कुणालाही ओळखता येईल. खंडणी येते, जहाज सुटतं, ती घरी जाते आणि वर्षभराने स्वतःच्या पायांनी परत येते. शेवटच्या प्रकरणात दोघं एका बेटावर प्रवाळ जपण्याचं काम करत आहेत. एकूण पानं ४१०.

पकडून नेलेली नायिका आणि पकडणारा नायक ही जोडी काही या लेखिकेने शोधलेली नाही. ई. एम. हल या इंग्रज बाईंची 'द शेख' १९१९ साली आली आणि तिच्यावरून १९२१ मध्ये निघालेल्या मूकपटाने रुडॉल्फ व्हॅलेंटिनो या नटाला घरोघरी पोचवलं. १९७०च्या दशकात अमेरिकेत जाड जाड ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांची लाट आली तेव्हा वाळवंटाच्या जागी समुद्र आला आणि शेखच्या जागी चाचा. त्या चाच्याकडे तलवार असायची, पांढरा सैलसर सदरा असायचा, आणि मुख्य म्हणजे तो तीनशे वर्षांपूर्वीचा असायचा. त्याने लुटलेल्या माणसांपैकी कुणाचा मुलगा आज ते पुस्तक हातात घेईल अशी भीती नसे. मला वाटतं, त्या कादंबऱ्यांची निम्मी सोय या अंतरात होती. आमच्या कादंबरीने ते अंतर काढून टाकलं. नायकाच्या हातात सॅटेलाइट फोन आला, वाटाघाटीला विमा कंपनीचा माणूस आला, आणि सगळी पंचाईत तिथून सुरू झाली.

वाचक कोण होते तेही सांगायला हवं, कारण मतं माणसांना चिकटून येतात. बावीस वर्षांची एक मुलगी, जी महिन्याला आठ-दहा प्रेमकादंबऱ्या सहज वाचते आणि 'डार्क रोमान्स' हा धाक, जबरदस्ती आणि प्रेम यांची सरमिसळ करणारा प्रकार कोळून प्यायलेली आहे. एक समुपदेशक बाई. एक निवृत्त शिक्षिका. एक वकील. हक्क घेतले तर अनुवाद करणार होती ती अनुवादिका. आणि जहाजांवर पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले एक चीफ इंजिनिअर, ज्यांना मी केवळ तांत्रिक चुका काढायला बोलावलं होतं. प्रेमकादंबरी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतली होती. मुलीने त्यांना पहिल्याच मिनिटाला 'काका' केलं आणि मग ते सगळ्यांचेच काका झाले.

पहिली बैठक माझ्या अंदाजाप्रमाणे सुरू झाली. वकील म्हणाले, हे गुन्ह्याचं उदात्तीकरण आहे. मुलगी म्हणाली, हे वाक्य तुम्ही पुस्तक न वाचताही म्हणाला असता. (खरं होतं. वकिलांनी मधली शंभर पानं चाळली होती, हे त्यांनी नंतर कबूल केलं.) तिचा बचाव तयार होता आणि मला तो आजही पटतो. ती म्हणाली, "यातली बाई ओलीस आहे, मी नाही. मला नकोसं झालं की मी पुस्तक मिटते. खऱ्या आयुष्यात मला असा माणूस समोर आला तर मी पोलिसांना फोन करीन. भीती वाटावी पण काही होऊ नये, यासाठीच तर मी हे वाचते."

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या 'रीडिंग द रोमान्स' या पुस्तकात हेच वेगळ्या तऱ्हेने मांडलं आहे. त्या एका लहान शहरातल्या बायकांना भेटल्या. या बायका पुस्तकांच्या दुकानातल्या एका जाणकार विक्रेतीच्या सल्ल्याने प्रेमकादंबऱ्या वाचत. त्यांच्या दृष्टीने पुस्तक उघडून बसणं म्हणजेच घराला 'आता तासभर मला हाक मारू नका' असं सांगणं होतं. आणि त्या आंधळेपणाने काहीही वाचत नव्हत्या. नायकाचं क्रौर्य उगीच असेल, पुढे त्याचा उलगडा होत नसेल, तर ती कादंबरी त्या सरळ नापास करत. थोडक्यात, या वाचकवर्गाला भलंबुरं कळत नाही असं समजणारे लोक त्या वाचकांना भेटलेले नसतात.

समुपदेशक बाई आता कडाडून विरोध करतील अशी माझी तयारी होती. त्यांनी वेगळंच केलं. प्रेम होण्याला त्यांची हरकत नव्हती. त्यांचा राग होता पान २६० वर. तिथे नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःशी म्हणते की हे स्टॉकहोम सिंड्रोम, म्हणजे ओलीस धरणाऱ्याबद्दलच जिव्हाळा वाटू लागणं, तर नाही ना, आणि मग तीन ओळींत ठरवते की नाही. "हा शब्द म्हणजे पावती झाली आहे," बाई म्हणाल्या. "लेखिकेने ती फाडून वाचकाच्या हातात दिली की शंका घ्यायचं काम संपलं."

मग त्यांनी मूळ हकिगत सांगितली. १९७३चा ऑगस्ट, स्टॉकहोममधली एक बँक, दरोडेखोर आणि सहा दिवस तिजोरीत अडकलेले चार ओलीस, त्यांत तीन बायका. त्यांच्यातल्या क्रिस्टीन एनमार्क या तरुणीने खुद्द पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोनवर सांगितलं की मला या दरोडेखोरांची भीती वाटत नाही, पोलीस हल्ला करतील याची वाटते. निल्स बेयेरोट या मानसोपचारतज्ज्ञांनी या वागण्याला नाव दिलं, तेही तिच्याशी न बोलता. बंदूकधाऱ्याशी जुळवून घेणं हा त्या क्षणी जगण्याचा सर्वांत शहाणा मार्ग असू शकतो, हे ती पुढे सांगत राहिली. मानसोपचाराच्या अधिकृत निदानपुस्तिकेत, डीएसएममध्ये, या नावाचं निदान आजही नाही. "म्हणजे नायिका 'मला तो आजार नाही' म्हणते," बाई म्हणाल्या, "तेव्हा ती नसलेल्या आजाराचा दाखला देतेय. मला हवं होतं ते एवढंच, की ती हसते तेव्हा हसू आल्यामुळे हसते की हसलेलं बरं म्हणून, हे तिला स्वतःलाही कळू नये. लेखिकेला ते येतं. पान १४० पर्यंत तिने तेच केलंय. मग ती घाबरली."

ओलीस आणि चाचे यांच्यात खेळीमेळी होते, यात नवल काहीच नाही. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने सांगितलेली तरुण जुलियस सीझरची गोष्ट पाहा. चाच्यांनी त्याच्यासाठी वीस टॅलेंट (टॅलेंट हे त्या काळचं चांदीचं वजनी माप) मागितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, पन्नास मागा. अडतीस दिवस तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर खेळला, त्यांना स्वतःच्या कविता वाचून दाखवल्या, दाद दिली नाही म्हणून त्यांना रानटी म्हणाला. सुटल्यावर जहाजं घेऊन परत आला आणि सगळ्यांना क्रुसावर चढवलं. तो खेळत होता तेव्हा खोटं खेळत होता का? मला नाही वाटत.

शिक्षिकाबाई बराच वेळ गप्प होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "हरणाचं मला वावडं नाही. पण रुक्मिणीने पत्र आधी पाठवलं होतं. हिने कधी पाठवलं, ते मला सापडलं नाही."

त्यावरून मला एक युक्ती सुचली. पहिली बैठक संपताना मी सगळ्यांना एक काम दिलं. कादंबरीतलं असं पहिलं पान शोधा, जिथे नायिकेला खरोखर 'नाही' म्हणता आलं असतं आणि म्हटल्याने तिचं काही बिघडलं नसतं. त्या पानावर खूण करा. माझा अंदाज होता की भांडण नैतिकतेचं दिसत असलं तरी ते मुळात या पानाचं आहे. ज्याला ते पान लवकर सापडलं त्याला पुस्तक आवडलं असणार, ज्याला सापडलं नाही त्याला नाही.

दुसऱ्या बैठकीत अंदाज बराचसा खरा ठरला. मुलीची खूण पान २४३ वर होती. तिथे नायक तिच्या हातात सॅटेलाइट फोन देतो, केबिनबाहेर जातो आणि दार लावून घेतो. ती फोन हातात घेऊन बसून राहते आणि कुणालाच लावत नाही. शिक्षिकाबाईंची खूण २९८ वर, जिथे किनाऱ्यावर जीपची किल्ली तिच्यासमोर ठेवली जाते. "जीप घेऊन जाणार कुठे, वाळवंटात?" असं वकिलांनी विचारल्यावर बाईंनी खूण काढून घेतली. वकिलांची खूण थेट ३९० वर, ती परत येते तिथे. समुपदेशक बाईंनी आरशाच्या प्रसंगाच्या आधी आणि नंतर अशा दोन खुणा करून दोन्हींवर प्रश्नचिन्ह काढलं होतं. अनुवादिकेने २४३च निवडलं होतं आणि तो प्रसंग मराठीत कसा उतरेल याचा एक नमुनाही करून आणला होता. तो तिने वाचून दाखवला. मराठीत तो मुळापेक्षा चांगला वाटला, हे इथे नोंदवून ठेवते.

काकांनी खूण केलीच नव्हती. ते म्हणाले, "तुमचा प्रश्न मला कळला. पण मला आधी त्या फोनबद्दल बोलायचंय."

२०१० आणि २०११ या दोन्ही वर्षी ते एडनच्या आखातातून गेले होते. पकडले गेले नव्हते. पण त्या दिवसांत जहाज तिथून जायचं म्हणजे काय असायचं, ते त्यांनी न वाढवता सांगितलं. कठड्यांना काटेरी तारांची वेटोळी. बाजूने पाण्याचे फवारे चालू. डेकवर बॉयलर सूट घातलेले बुजगावण्यासारखे पुतळे, लांबून पहारेकरी वाटावेत म्हणून. आखून दिलेल्या पट्ट्यातून गटागटाने जायचं, नौदलांच्या नजरेखाली. आणि आत कुठेतरी सिटाडेल, म्हणजे आतून बंद करता येणारी मजबूत खोली. पाणी, खाणं आणि संपर्काचं साधन घेऊन अख्ख्या क्रूने तिथे जायचं. एकही माणूस बाहेर राहिला तर सिटाडेलचा उपयोग शून्य, कारण त्याच्या डोक्याला बंदूक लावली की दार उघडावंच लागतं. "कादंबरीत ती बाई सिटाडेलकडे न जाता उपकरणं वाचवायला मागे वळते," काका म्हणाले. "पान ४४. त्या एका वळण्याने चौदा माणसं पकडली गेली. पुढे ३६६ पानं आहेत. तिला ते एकदाही आठवत नाही."

खोलीत कुणी काही बोललं नाही.

"आता फोन. हातात फोन देणं ही मेहरबानी आहे असं पुस्तकाला वाटतं. तिकडे फोन हे त्यांचं हत्यार होतं. क्रूच्या माणसाला घरी फोन लावून द्यायचे, शेजारी गोळ्या झाडायचे, आणि घरच्यांना रडू द्यायचे. घरचे मालकाच्या दारात जाऊन बसले की खंडणीचा आकडा हलतो. बरं, समजू या की हा म्होरक्या तसा नाही, त्याने मनापासून फोन दिला. चार महिने झालेत. खाली मेसरूममध्ये चौदा जण बसलेत आणि कुणाच्या घरी माहीत नाही की तो जिवंत आहे की मेला. हिच्या हातात फोन आहे, दार बंद आहे. स्वतःच्या घरी नको लावू. बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, घरी तरी लाव."

त्यानंतर त्यांनी आपली प्रत उलटून मागचं कोरं पान दाखवलं. त्यावर पेन्सिलने चौदा ओळी होत्या. कप्तान, चीफ ऑफिसर, सेकंड इंजिनिअर, बोसन, ऑइलर (इंजिनाला तेलपाणी करणारा), कुक अशी क्रमवार सगळी माणसं, आणि प्रत्येकासमोर तो कादंबरीत शेवटचा कुठे दिसतो त्या पानाचा आकडा. थर्ड ऑफिसर ९१. ऑइलर ११८. बोसन १८६. कुक २०३. कप्तान सगळ्यांत उशिरा, २३१. त्यानंतर जहाजावर माणसं उरतच नाहीत. पान ३७१ वर एक वाक्य येतं, की खलाशी सुखरूप घरी पोचल्याचं तिच्या कानावर आलं. चौदा जणांना मिळून एक वाक्य.

टोचत होतं ते हे, असं मला तेव्हा कळलं.

वकिलांनी विषय आपल्याकडे ओढून घेतला आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखंही होतं. १९८२च्या समुद्रकायद्याच्या संयुक्त राष्ट्र करारातलं कलम १०१ चाचेगिरीची व्याख्या करताना 'खासगी हेतू' असा शब्द वापरतं. प्रेमाइतका खासगी हेतू दुसरा कुठला, असा विनोद त्यांनी केला आणि तो थोडा जास्त वेळ चालवला. पण मुद्दा शेवटच्या प्रकरणाचा होता. खुल्या समुद्रातल्या चाच्याला कुठलाही देश पकडू शकतो. मग हा गृहस्थ बेटावर प्रवाळ मोजत कसा बसतो? त्यांनी मोहम्मद आब्दी हसन ऊर्फ 'अफवेने' याचा दाखला दिला. सोमाली चाचेगिरीतला हा बडा म्होरक्या. २०१३च्या जानेवारीत त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ब्रुसेल्सच्या विमानतळावर उतरला, कारण त्याच्या आयुष्यावर चित्रपट निघतोय आणि त्यासाठी त्याचा सल्ला हवाय, असं त्याला सांगण्यात आलं होतं. तो चित्रपट बेल्जियन पोलिसांनी रचलेला सापळा होता. २०१६ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्यावर गोष्ट बेतली जाणार या मोहाने चाचा पकडला गेला, ही हकिगत आमच्या कादंबरीपेक्षा सरस आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दोन्ही बैठकांतलं ते एकमेव एकमत.

नायकाच्या पूर्वेतिहासावर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे कादंबरीने अर्धा अभ्यास मन लावून केला आहे. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, किनाऱ्यावर पहारा उरला नाही, परदेशी ट्रॉलर आले आणि त्यांनी मासळी खरवडून नेली. नायकाचा बाप कोळी, त्याची जाळी तुटली, होडी गेली. ही तक्रार खरी आहे आणि लेखिकेने ती आब राखून लिहिली आहे. पण चाचेगिरी हा पुढे धंदा झाला, आणि धंद्याचं गणित कादंबरीत येत नाही. जागतिक बँक, इंटरपोल आणि संयुक्त राष्ट्रांची अमली पदार्थ व गुन्हेगारी कचेरी यांनी २०१३ मध्ये मिळून काढलेल्या अंदाजानुसार, एप्रिल २००५ ते डिसेंबर २०१२ या काळात त्या किनाऱ्यावर ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी पोचली. त्यातला तीस ते पन्नास टक्के वाटा पैसा लावणाऱ्यांचा. जहाजावर चढणाऱ्या पोराला एका जहाजामागे तीस ते पंचाहत्तर हजार डॉलर, म्हणजे सरासरी खंडणीच्या एक ते अडीच टक्के. त्यातूनही उधारीवर चघळलेल्या 'खात' नावाच्या झिंग आणणाऱ्या पाल्याचे पैसे कापले जात. कोळ्याच्या पोराचं दुःख दाखवायचं असेल तर या हिशेबात ते जास्त दिसलं असतं.

आणि अनुवादिकेने आणखी एक गोष्ट पकडली, जी माझ्या नजरेतून सुटली होती. पान ३२० वर उघड होतं की नायकाची आई युरोपियन आणि त्याचं शिक्षणही परदेशात झालेलं. 'द शेख'मध्येही नेमकं असंच होतं. तो अरब सरदार शेवटी इंग्रज बापाचा आणि स्पॅनिश आईचा मुलगा निघतो, आणि मग वाचकाने निःशंक व्हायचं. शंभर वर्षं उलटली तरी नायकाला नायक करायला तीच जुनी चावी. मुलीने हे ऐकून कपाळावर हात मारला. तिला ते पान वाचताना फक्त 'छान, म्हणून इंग्रजी चांगलं बोलतो' एवढंच वाटलं होतं. मलाही.

पण बैठक फिरून फिरून काकांच्या यादीवर येत होती. मुलीने एकदा प्रतिवाद केला. प्रेमकथेत दोनच माणसं असतात, ती म्हणाली. बाकीचे मागे धूसर व्हायचेच, तो या प्रकाराचा नियम आहे. लग्नाच्या गोष्टीत वाढप्याचं काय झालं, असं आपण विचारतो का? मुद्दा बरोबर होता. काकांनी तो मान्यही केला. मग म्हणाले, "वाढपी घरी जातो. हे कुठे जातील? ते त्याच जहाजावर आहेत, हिच्या पायाखालच्या डेकवर."

त्यांनी 'अस्फाल्ट व्हेंचर'ची आठवण काढली. २०१०च्या सप्टेंबरमध्ये पकडलेलं जहाज, त्यावरही पंधराच जण, सगळे भारतीय. २०११च्या एप्रिलमध्ये खंडणी पोचली, जहाज सोडलं, आठ जण सोडले आणि सात जणांना ठेवून घेतलं, कारण भारतीय नौदलाने पकडलेले आपले साथीदार चाच्यांना परत हवे होते. ते सात जण सुटले २०१४च्या ऑक्टोबरअखेरीस. "कादंबरीत खंडणी मिळाली की प्रश्न सुटतो," काका म्हणाले. "तेव्हा शिपवर असलेल्या कुणालाही विचारा, आम्हाला सगळ्यांत भीती त्याचीच वाटायची. पैसे पोचतील आणि तरी आपण राहू."

२०१० या एका वर्षात जगभरात ५३ जहाजं पळवली गेली आणि १,१८१ माणसं ओलीस धरली गेली, असं आंतरराष्ट्रीय सागरी ब्यूरोची नोंद सांगते. हा आकडा मी अहवालासाठी काढला होता आणि नंतर अहवालात घातला नाही. काकांच्या चौदा ओळींपुढे त्याचं काही चालेना.

बैठक मोडताना मुलगी काकांना म्हणाली, "तुम्ही माझं पुस्तक बिघडवलंत. आता तो फोनचा सीन मला पूर्वीसारखा वाचता येणार नाही." ती हसत म्हणाली, पण थोडी रागावलीही होती, आणि मला तिचा राग रास्त वाटला. तिने वाचनाचा एक करार केला होता आणि तिसऱ्याच माणसाने येऊन तो वाचून दाखवला होता.

माझा अहवाल एक पानाऐवजी चार पानांचा झाला. त्यात मी लिहिलं की चाच्यावर प्रेम बसणं हा या कादंबरीचा दोष नाही, त्यासाठी तिच्यावर कुणी तुटून पडलं तर ते अन्यायाचं होईल. माझ्या सहापैकी पाच वाचकांनी नायकाला कमीअधिक माफ केलं होतं, वकिलांनीसुद्धा, कुरकुरत. लेखिकेला मात्र कुणीच माफ केलं नाही, एकदा यादी पाहिल्यावर. नायिकेने मागे वळून चौदा जणांना अडकवलं, हे लेखिकेनेच लिहिलं आणि तीच विसरली. प्रेमात पडलेली बाई स्वार्थी होते, हेही लिहिता आलं असतं. फोन हातात घेऊन, खाली मेसरूममध्ये कोण बसलंय हे पक्कं माहीत असताना, तरीही न लावणारी बाई मला चालली असती. ती भयंकर वाटली असती आणि तिच्या प्रेमावर माझा विश्वास बसला असता. पुस्तकातली बाई भयंकर नाही. तिला फक्त कुणी आठवत नाही.

शेरा मी 'घ्यावी' असा दिला. अनुवादिकेच्या त्या नमुन्यामुळे, आणि भांडायला लावणारी पुस्तकं कमी येतात म्हणून. संस्थेने उलट विचारलं की खलाशांची दोन-चार वाक्यं अनुवादात वाढवता येतील का, म्हणजे वाद व्हायला नको. मी नाही म्हणून कळवलं. अनुवादकाने दुसऱ्याच्या कादंबरीत माणसं जिवंत करायची नसतात. पुढे हक्कांचा सौदाच फिसकटला, भलत्याच कारणाने, आणि प्रकरण मिटलं.

प्रत काकांकडून माझ्याकडे परत आली होती. ती मुलीने मागून नेली. तीन आठवड्यांनी तिचा निरोप आला: "काकांना सांगा, कुक २०३ वर संपत नाही. पान ३०९, ती दोघं डेकवर बोलत असतात तेव्हा खालून भांड्यांचा आवाज येतो. दिसत नाही, पण तो आहे." मी काकांना कळवलं. त्यांनी पान बघितलं आणि यादीत २०३ खोडून ३०९ केलं.